दोन क्वार्टरबॅक, एक जागा : खुर्ची वाटायची की काम?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ‘दोन लायक माणसं आणि एकच खुर्ची’ हा विषय घेतला. त्यात अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं उदाहरण धावतपळत सांगितलं होतं. व्हिडिओत वेळच तेवढा होता. इथं ते नीट, सावकाश घेऊ. लेख जरा लांब आहे, तेव्हा चहा घेऊन बसा आणि वही जवळ ठेवा. शेवटी काम देणार आहे.

फुटबॉलच का? तुमच्या दुकानात दोन मॅनेजरांचं काय बिनसलं, कुणाच्या वेळी गिऱ्हाईक वाढलं, कुणाच्या वेळी कमी झालं, हे कुणी लिहून ठेवत नाही. सहा महिन्यांनी फक्त कुरबूर आठवते. तिथं मात्र लाखभर प्रेक्षकांसमोर खेळ चालतो आणि प्रत्येक चालीची नोंद राहते. एकाच जागेवर दोन माणसं वापरली तर काय होतं, याचा इतका उघडा हिशोब दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आधी खेळ समजून घेऊ. हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, तो हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा. एका वेळी एका संघाचे अकरा जण मैदानात. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. सरकले की पुन्हा चार प्रयत्न. असं करत समोरच्या टोकाला पोचलं की टचडाऊन, म्हणजे सहा गुण. प्रत्येक प्रयत्न ही आधी ठरवलेली चाल असते. पाच-सात सेकंद धुमश्चक्री, मग खेळ थांबतो, पुन्हा मांडणी होते.

या मांडणीत क्वार्टरबॅक नावाचा एक जण असतो. जवळपास प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो. तो शेजारच्याला द्यायचा, लांब फेकायचा की स्वतःच घेऊन पळायचं, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं. समोरच्यांनी वेगळी मांडणी केलेली दिसली तर ऐन वेळी चाल बदलणारा पुष्कळदा तोच. क्रिकेटमधला कप्तान आणि यष्टिरक्षक एकत्र करा, त्याच्या आसपास कुठंतरी हा माणूस येतो. संघात दोन फिरकीपटू खेळवता येतात, पण यष्टींमागे एकच जण उभा राहू शकतो. तसंच हे.

एक फरक मात्र मोठा आहे. क्रिकेटमध्ये अकरा ठरले की ठरले. इथं दोन चालींच्या मधे हवं तितक्या वेळा माणूस बदलता येतो. खरा मोह तिथंच आहे! कोचकडे दोन चांगले क्वार्टरबॅक असले की ‘कोण?’ हा प्रश्न त्याला सोडवावाच लागत नाही. थोडा वेळ हा, थोडा वेळ तो. दोघंही खूश, दोघांचे आईवडील खूश, कोचला रात्री झोप लागते.

तिकडे एक म्हण रूढ आहे : ज्याच्याकडे दोन क्वार्टरबॅक आहेत, त्याच्याकडे एकही नाही. ऐकायला झकास आहे, पण माझ्या मते अर्धीच खरी. आणि ती अर्धीच का खरी, हे बघायला सगळ्यात सोपा माणूस म्हणजे अर्बन मायर. कारण या एकाच कोचने हा प्रयोग दोन वेगळ्या कॉलेजांत केला.

एकच कोच, दोन हिशोब

पहिला प्रयोग फ्लोरिडा विद्यापीठात, २००६ साली. क्रिस लीक हा शेवटच्या वर्षाचा, मुरलेला क्वार्टरबॅक. उत्तम फेकी, शांत डोकं. अडचण अशी की त्याला आधीच्या कोचने आणलं होतं आणि मायरची पद्धत क्वार्टरबॅकने स्वतः पळण्यावर उभी होती. लीकचा पिंड पळण्याचा नव्हता. त्याच वर्षी टिम टेबो नावाचा पहिल्या वर्षाचा धिप्पाड पोरगा दाखल झाला. तो बैलासारखा मुसंडी मारायचा. टेबो मैदानात उतरला की स्टेडियम दणाणायचं.

तुम्ही मायरच्या जागी असता तर काय केलं असतं? आपल्याकडे साधारण दोनच उत्तरं येतात. ‘ज्येष्ठाचा मान राखा’, नाहीतर ‘नव्या पोराला संधी द्या’. मायरने जागेचा विचार बाजूला ठेवला आणि कामाचे दोन तुकडे केले. क्वार्टरबॅक लीकच, खेळ सुरू तोच करणार, चालवणार तोच. पण दोन-तीन यार्डच हवे आहेत, समोर भिंत आहे आणि कुणीतरी अंगावर घेऊन घुसायचं आहे, अशा वेळी टेबो येणार. काम झालं की परत बाहेर.

आकडे पाहा. त्या मोसमात लीकने फेकीवर २,९४२ यार्ड काढले. टेबोने अख्ख्या मोसमात फेकी केल्या ३३, पण चेंडू घेऊन पळाला ८९ वेळा, ४६९ यार्ड आणि ८ टचडाऊन. दोघांचे आकडे शेजारी ठेवले तर एकाच पदावरची माणसं वाटतच नाहीत. ऑक्टोबरमध्ये एलएसयूविरुद्ध टेबो नेहमीसारखा मुसंडी मारायला निघाला, सगळे बचावपटू त्याच्यावर धावले, आणि त्याने उडी मारून चेंडू मोकळ्या सहकाऱ्याकडे टाकला. टचडाऊन! ‘हा आला म्हणजे पळणारच’ अशी समोरच्यांची खात्री झाली होती, म्हणून ती उडी चालली. फ्लोरिडा त्या मोसमात १४ पैकी १३ सामने जिंकलं. ८ जानेवारी २००७ च्या अंतिम सामन्यात त्यांनी ओहायो स्टेटला ४१-१४ असं हरवलं. त्या रात्री लीकच्या ३६ पैकी २५ फेकी अचूक गेल्या. टेबोनेही एक टचडाऊन पळून आणि एक फेकून मिळवलं.

पुढच्या वर्षी लीक कॉलेजातून बाहेर पडला, टेबो पूर्णवेळ क्वार्टरबॅक झाला आणि त्याने हाइजमन ट्रॉफी पटकावली. दुसऱ्या वर्षाच्या खेळाडूला ती मिळण्याची ती पहिलीच वेळ. म्हणजे वाटणीला शेवटची तारीखसुद्धा आधीपासून होती, आणि ती दोघांनाही ठाऊक होती. हा मुद्दा वहीत लिहून ठेवा, पुढं लागेल.

आता दुसरा प्रयोग. कोच तोच, कॉलेज ओहायो स्टेट, साल २०१५.

याची पार्श्वभूमी एखाद्या सिनेमासारखी आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर खांद्याच्या दुखापतीने अख्ख्या मोसमासाठी बाहेर गेला. जे. टी. बॅरेट आला आणि त्याने संघ उत्तम चालवला. नोव्हेंबरच्या शेवटी मिशिगनविरुद्ध त्याचा घोटा मोडला. मग तिसऱ्या क्रमांकाचा कार्डेल जोन्स. या पठ्ठ्याने सुरुवातीपासून खेळलेल्या पहिल्या तीन सामन्यांत विस्कॉन्सिनला ५९-०, अलाबामाला ४२-३५ आणि ओरेगॉनला ४२-२० असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद आणलं.

पुढच्या मोसमात तिघंही हजर! मिलरने स्वतःच मार्ग काढला. तो क्वार्टरबॅकची जागा सोडून चेंडू झेलणाऱ्यांत गेला आणि पहिल्याच सामन्यात त्याने दोन टचडाऊन केले. उरले जोन्स आणि बॅरेट. एकाने विजेतेपद आणलेलं, दुसऱ्याने संघ तिथवर पोचवलेला. मोसमाआधीच्या मतदानात ओहायो स्टेट एकमताने पहिल्या क्रमांकावर.

मायरने मोसम सुरू होईपर्यंत नाव जाहीर केलं नाही. संघाच्या यादीत दोघांच्या नावांमध्ये ‘किंवा’ हा शब्द छापला होता. हा ‘किंवा’ लक्षात ठेवा. पहिल्या सामन्याच्या पहिल्या चालीला जोन्स मैदानात आला तेव्हा लोकांना कळलं. पुढं जोन्सच खेळत राहिला, पण नॉर्दर्न इलिनॉयविरुद्ध गाडी अडकली तेव्हा त्याला मधेच काढून बॅरेटला पाठवलं. तो सामना कसाबसा २०-१३ असा जिंकला. ऑक्टोबरमध्ये नवी व्यवस्था आली : मैदानभर जोन्स, टचडाऊनच्या रेषेजवळ बॅरेट. मग बॅरेट पूर्णवेळ. मग बॅरेट एका सामन्यासाठी निलंबित, पुन्हा जोन्स. मग परत बॅरेट.

सामने जिंकत होते, बरं का! दहाच्या दहा. पण २१ नोव्हेंबरला घरच्या मैदानावर, पावसात, मिशिगन स्टेटविरुद्ध पूर्ण सामन्यात संघाला फक्त १३२ यार्ड मिळाले आणि शेवटच्या क्षणाच्या किकवर ते १७-१४ असे हरले. मोसमातला एकच पराभव, आणि त्यानेच विजेतेपदाची वाट बंद केली.

सगळं खापर क्वार्टरबॅकच्या गोंधळावर फोडणं बरोबर नाही, हेही सांगितलं पाहिजे. आदल्या वर्षीची आक्रमणाची आखणी करणारा टॉम हर्मन ह्यूस्टनला मुख्य कोच म्हणून गेला होता. त्या दिवशी एझिकिएल इलियटसारख्या धावपटूला चेंडू फक्त १२ वेळा मिळाला, त्यावर तो स्वतः सामन्यानंतर उघडपणे बोलला. पण फ्लोरिडाशी तुलना करा. तिथं ‘तू हे करणार, तो ते करणार’ हे ठरलेलं होतं. इथं दोघांना एकच काम, आणि ‘बघू कोण चांगलं करतो ते’. रेषेजवळ बॅरेट ही वाटणी आली, पण ती मोसमाच्या मध्यावर, ठिगळ म्हणून.

यातली गंमत पुढं आहे. त्या दिवशी मिशिगन स्टेटचा मुख्य क्वार्टरबॅक कॉनर कुक जखमी होता. त्यांनी टायलर ओकॉनर आणि डेमियन टेरी असे दोघं आलटून पालटून खेळवले, आणि जिंकले! ओकॉनर मुख्यतः संघ चालवायला, टेरी मुख्यतः पळायला. म्हणून म्हटलं, ती म्हण अर्धीच खरी आहे.

घड्याळ लावून वाटणी

काही जण म्हणतील, सर, आम्ही सरळ वेळ वाटून देतो. सकाळी हा, संध्याकाळी तो. भांडणच नाही. अमेरिकेत हेही करून झालंय, आणि ज्याच्या बाबतीत केलं त्याचं नाव ऐकून चकित व्हाल : टॉम ब्रेडी.

१९९९ सालची गोष्ट. ब्रेडी मिशिगन विद्यापीठात शेवटच्या वर्षाला, संघाने निवडलेल्या कप्तानांपैकी एक. त्याच्यामागे ड्रू हेन्सन. त्याच राज्यातला लाडका मुलगा, बेसबॉलमध्येही इतका तरबेज की न्यूयॉर्क यांकीजने त्याला आधीच करारबद्ध केलेलं. कोच लॉइड कार यांनी तोडगा काढला. सामन्याचे चार भाग असतात. पहिला भाग ब्रेडी, दुसरा हेन्सन, आणि मध्यंतरात कोच ठरवणार की उरलेला सामना कोण खेळणार.

दिसायला किती न्याय्य! पाच सामने ओळीने जिंकलेसुद्धा. सहावा मिशिगन स्टेटविरुद्ध. मध्यंतरानंतर हेन्सनला निवडलं. संघ १७ गुणांनी मागे पडला तेव्हा ब्रेडीला परत बोलावलं. त्याने जवळजवळ सामना फिरवला, पण ३४-३१ असा हातातून गेला. पुढचा इलिनॉयविरुद्धचाही गेला. त्यानंतर कार यांनी वाटणी बंद केली आणि ब्रेडीला पूर्ण वेळ दिला. उरलेले पाचही सामने मिशिगनने जिंकले. १ जानेवारी २००० च्या ऑरेंज बोलमध्ये अलाबामाविरुद्ध दोनदा १४ गुणांनी मागे पडूनही ३५-३४. ब्रेडीच्या फेकीवर ३६९ यार्ड, चार टचडाऊन.

घड्याळाच्या वाटणीत खोट कुठं आहे? दुसरा भाग सुरू झाला की ब्रेडी बाहेर. त्या क्षणी तो रंगात आलेला असो वा चाचपडत असो. समोरच्यांची मांडणी त्याने पंधरा मिनिटं वाचली, ती वाचलेली माहिती घेऊन तो बाकावर बसला आणि दुसऱ्याने पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. निर्णय घड्याळाने घेतला, गरजेने नाही. तुमच्या दुकानात सकाळच्या माणसाने गिऱ्हाइकाला अर्ध्या गोष्टी सांगितल्या, संध्याकाळी गिऱ्हाईक परत आलं तर काउंटरवर दुसराच. तो विचारतो, ‘बोला, काय हवंय?’ गिऱ्हाईक मनात काय म्हणतं ते मी लिहीत नाही.

काही लोक म्हणतात, त्या झगड्यानेच ब्रेडी घडला. मला हे फारसं पटत नाही. घडला तो ब्रेडी होता म्हणून. व्यावसायिक संघांनी २००० साली त्याला १९९ व्या क्रमांकावर निवडलं. त्याची कारणं पुष्कळ होती, पण ज्याला स्वतःच्याच कॉलेजने अर्धा वेळ बाकावर बसवलं, त्याच्याबद्दल बाहेरच्यांनी तरी खात्रीने काय म्हणावं? तुम्ही दोघांना अर्धं-अर्धं काम देता तेव्हा दोघांचंही खरं माप तुम्हालाच कळत नाही.

न दिसणारा खर्च

सामना तीन-साडेतीन तासांचा. तिथली वाटणी सगळ्यांना दिसते. खरी वाटणी होते ती सरावात.

अमेरिकन कॉलेज खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेचा नियम आहे : मोसम चालू असताना खेळाडूकडून आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, दिवसाला ४ तास काम करून घ्यायचं. (विद्यार्थी आहेत शेवटी.) आता या २० तासांत व्यायाम, बैठका, व्हिडिओ पाहणं, सगळं आलं. उरलेल्या वेळात पहिल्या फळीच्या खेळाडूंबरोबर एखादी चाल समजा दहा वेळा घोटता येते. क्वार्टरबॅक एक असेल तर दहाही त्याच्या. दोन असतील तर पाच-पाच. बाकीच्या दहा खेळाडूंचं काय? ते दोन माणसांशी अर्धं-अर्धं जुळवून घेतात.

आणि जुळवून घेणं म्हणजे बारीकसारीक गोष्टी. चाल सुरू करताना क्वार्टरबॅक जी आरोळी देतो, तिची लय प्रत्येकाची वेगळी. फेकीचा वेग वेगळा. टेबो डावखुरा होता, लीक उजवा. डावखुऱ्याचा चेंडू हवेत उलटा फिरत येतो, झेलणाऱ्याला ते जाणवतं. शिवाय उजव्या माणसाची पाठ डावीकडे वळते, डावखुऱ्याची उजवीकडे. म्हणजे पाठ राखणाराही बदलला! एक माणूस बदलला की दहा जणांच्या सवयी बदलाव्या लागतात.

तुमच्याकडे हे दहा जण म्हणजे हेल्पर, डिलिव्हरीवाला, अकाउंटवाला, दोन-तीन जुने सप्लायर. ‘उधारी किती दिवसांची?’ या प्रश्नाला एक मॅनेजर पंधरा म्हणतो, दुसरा तीस. अकाउंटवाल्याने कुणाचं ऐकायचं? तो दोघांचंही ऐकत नाही, स्वतःच ठरवतो. मग तिसराच क्वार्टरबॅक तयार होतो, ज्याची तुम्ही नेमणूकच केलेली नाही.

सरावाचा विषय निघालाच आहे तर एक मजेशीर अपवाद सांगतो. नोव्हेंबर १९९७ मध्ये फ्लोरिडाचे कोच स्टीव्ह स्पर्रियर यांनी तोवर अपराजित असलेल्या फ्लोरिडा स्टेटविरुद्ध डग जॉन्सन आणि नोआ ब्रिंडाइज या दोघांना दर चालीला बदललं. एक मैदानात, दुसरा कोचशेजारी उभा राहून पुढची चाल समोरासमोर ऐकतोय. चाल संपली की हा आत, तो बाहेर. कॉलेज फुटबॉलमध्ये तेव्हा हेल्मेटमधे रेडिओ नव्हता, म्हणून ही शक्कल. ३२-२९ असे जिंकले. वेडेपणा वाटतो, पण बघा, इथंही वाटणी कामाचीच होती : एक खेळतो, एक ऐकतो. आता २०२४ पासून हेल्मेटमधे रेडिओला परवानगी आहे, तेव्हा ती गरजही संपली.

तारीख तुमच्या हातात नसते

आता मघाचा मुद्दा, शेवटच्या तारखेचा. माझ्या मते या सगळ्या विषयात मालक मंडळी सगळ्यात जास्त इथं फसतात.

२०१८ साली क्लेम्सन विद्यापीठात केली ब्रायंट मुख्य क्वार्टरबॅक होता. आदल्या वर्षी त्याने संघाला विभागाचं विजेतेपद मिळवून दिलेलं. मुख्य म्हणून खेळलेल्या १८ सामन्यांपैकी १६ जिंकलेले. नवीन आला ट्रेव्हर लॉरेन्स, पहिल्या वर्षाचा, सगळ्या देशाची नजर असलेला. कोच डॅबो स्वीनी यांनी चार सामने दोघांनाही खेळवलं. सुरुवात ब्रायंटने करायची, मग लॉरेन्स. चारही जिंकले. चौथ्यात, जॉर्जिया टेकविरुद्ध, लॉरेन्सने चार टचडाऊन फेकले. सोमवारी स्वीनींनी सांगितलं की यापुढं सुरुवात लॉरेन्स करेल.

त्याच वर्षी एनसीएएचा नवा नियम आला होता. खेळाडू मोसमात चारपेक्षा जास्त सामने खेळला नाही तर त्याचं ते वर्ष खर्ची पडत नाही, ते पुढं वापरता येतं. ब्रायंटचे सामने किती झाले होते? बरोबर चार. पाचव्यात एक चाल जरी खेळला असता तरी कॉलेजमधलं शेवटचं वर्ष गेलं असतं. बुधवारी त्याने संघ सोडत असल्याचं सांगितलं. पुढच्या मोसमात तो मिसूरीकडून खेळला.

शनिवारी सिरॅक्यूसविरुद्ध सामना. दुसऱ्या भागात लॉरेन्सला मार लागला आणि तो बाहेर. ब्रायंट गेलेला. त्याआधी त्याच वर्षी आणखी दोन क्वार्टरबॅक दुसऱ्या कॉलेजांत निघून गेलेले. मैदानात आला चेस ब्राइस, जो आठवडाभरापूर्वीपर्यंत कुणाच्या हिशोबातच नव्हता. चौथ्या भागात संघ १० गुणांनी मागे. ब्राइसने ९४ यार्डांची शेवटची चढाई केली, ४१ सेकंद उरले असताना टचडाऊन, २७-२३. क्लेम्सन पुढं पंधराच्या पंधरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेते झाले.

शेवट गोड झाला म्हणून स्वीनी बरोबर ठरले, असं म्हणणं सोपं आहे. मी निर्णयाबद्दल त्यांच्याच बाजूचा आहे. लॉरेन्स उजवा होता आणि चार सामन्यांनंतर ते नाकारणं म्हणजे संघाशी खोटं बोलणं झालं असतं. माझा मुद्दा वेगळा आहे. कोच ‘अजून थोडं बघू’ म्हणत असतो, पण बाकावर बसलेल्या माणसाच्या आयुष्यातही एक कॅलेंडर चालू असतं. कॉलेज खेळाडूकडे मोजकेच मोसम असतात. तुमच्या तिशीतल्या मॅनेजरकडे घराचं कर्ज आहे, लग्न ठरतंय, दुसरीकडून फोन येतोय. तुम्ही ठरवलं नाहीत तर तो ठरवतो, आणि त्याची तारीख दिवाळीच्या सीझनच्या आदल्या आठवड्यातसुद्धा येऊ शकते. त्यातच २०२१ पासून पहिल्यांदा कॉलेज बदलल्यावर वर्षभर बाहेर बसण्याची सक्ती उरलेली नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला बाजार आहे. तुमच्याही.

न वाटता तयार ठेवणं

मग दुसरा माणूस तयार कसा ठेवायचा? ओहायो स्टेटला २०१४ मध्ये तिसरा क्वार्टरबॅक लागला हे विसरू नका. ‘एकच ठेवा, दुसऱ्याला विसरा’ हेही चालणार नाही.

अलाबामाचं उदाहरण घ्या. ८ जानेवारी २०१८, राष्ट्रीय अंतिम सामना, मध्यंतरात जॉर्जिया १३-० पुढं. कोच निक सेबन यांनी जेलन हर्ट्‌सला बसवलं. हा असा क्वार्टरबॅक ज्याच्या नावावर तोवर २७ पैकी २५ विजय होते! त्याच्या जागी पहिल्या वर्षाचा टुआ टॅगोवायलोआ. जादा वेळेत ४१ यार्डांची फेक, २६-२३, विजेतेपद. पुढच्या मोसमात पहिल्या सामन्यापासून टुआ मुख्य, हे लवकरच स्पष्ट झालं. हर्ट्‌सला मात्र नुसतं बाकावर बसवलं नाही. आघाडी मोठी झाली की तो खऱ्या सामन्यात, खऱ्या चाली खेळायचा. तोही चार सामन्यांवर थांबू शकला असता. थांबला नाही, खेळत राहिला.

१ डिसेंबर २०१८. पुन्हा अटलांटातलं तेच स्टेडियम, पुन्हा जॉर्जिया. अलाबामा २८-२१ मागे, चौथ्या भागात टुआ जायबंदी. हर्ट्‌स आला. एक टचडाऊन फेकून बरोबरी, मिनिटभर उरलं असताना दुसरं स्वतः पळून. ३५-२८.

त्याच महिन्यात त्याने पदवी पूर्ण केली आणि पुढच्या वर्षी ओक्लाहोमाला गेला. तिथं हाइजमनच्या मतदानात दुसरा आला. २०२५ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फिया ईगल्सबरोबर सुपर बोल जिंकला, सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. म्हणजे गेलाच तो. लायक माणूस दुसऱ्या क्रमांकावर कायमचा राहत नाही, तशी अपेक्षाही धरू नका. पण तो डिसेंबरपर्यंत राहिला आणि डिसेंबरलाच लागला.

आता तुमचं काम

दुकानात, वर्कशॉपमध्ये, क्लासमध्ये जिथं दोन माणसं एका जागेसाठी आहेत (दोन मुलगे असतील तर त्यांनाही धरा, उलट आधी त्यांना धरा), तिथलं हे काम आहे. वहीचं एक पान घ्या, मधोमध रेघ मारा.

डावीकडे पहिल्याचं, उजवीकडे दुसऱ्याचं काम लिहा. ‘दुकान बघणे’ असं लिहायचं नाही. फ्लोरिडासारखं लिहा. ‘नवीन ठेकेदारांना रेट देणे’, ‘पन्नास हजारांवरची खरेदी’, ‘तक्रार आली तर जाऊन भेटणे’. दोन्हीकडे तीच ओळ आली तर तिथं तुमचा ‘किंवा’ छापलेला आहे. ती ओळ कुणातरी एकाची करा. जमत नसेल तर विचारा की अडचण कामात आहे की नाव घ्यायच्या भीतीत. बहुतेक वेळा दुसरंच निघतं.

पानाच्या खाली तारीख लिहा. ही वाटणी कधीपर्यंत, आणि त्या दिवशी काय बघून ठरवणार. ‘बघू’ ही तारीख नव्हे. तारीख दोघांना एकाच दिवशी, तुमच्याच तोंडून कळली पाहिजे. वॉट्सअप ग्रुपवर टाकायची नाही.

ज्याला दुसरा क्रमांक मिळणार आहे त्याच्याशी जाहीर करण्याआधी वेगळं बसा. त्याला तीन गोष्टी सांगा : तू कुठलं खरं काम करणार, ते महिन्यातून किती वेळा तुझ्या हातात येणार, आणि पहिल्याला काही झालं तर दुसऱ्या दिवशी सकाळी चावी कुणाकडे. मग गप्प बसा आणि त्याला बोलू द्या. त्याचं कॅलेंडर काय म्हणतं ते तिथंच कळेल. कदाचित तो जाईल म्हणेल. तसं असेल तर ते आज कळलेलं बरं, सीझनच्या आदल्या आठवड्यात नको.

पान भरून झालं की पुढचा व्हिडिओ बघा. त्यात या दोघांचा पगार कसा ठरवायचा, ते घेणार आहे.